करंट येईना की पेट्रोल येईना?

गाडी बंद पडण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात ती बंद पडते आणि बंदच राहते. तिला ओढत गॅरेजमध्ये न्यावे लागते, मिस्त्री बॉनेट उघडतात, दोष सापडतो आणि बिल चुकते करून आपण घरी येतो. मनस्ताप होतो, पण प्रकरण मिटते. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा. गाडी अर्धा-पाऊण तास उत्तम धावते, मग दोन-चार आचके देऊन शांत होते. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. आपण घामाघूम होऊन अर्धा तास रस्त्याकडेला उभे राहतो आणि मग सहज म्हणून किल्ली फिरवावी, तर काही घडलेच नव्हते अशा थाटात ती सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तिला काहीही झालेले नसते. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच दाढ दुखायची थांबावी, तसाच हा प्रकार.

आजचा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. २०११ च्या उन्हाळ्यात या दुखण्याने माझे तीन आठवडे घेतले, काही हजार रुपये घेतले आणि वीस वर्षांचा एक स्नेहही जवळजवळ घेतलाच होता. ज्या वाचकांच्या दारात अजून एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ ची. आमच्या पिढीला ती ‘फियाट’ म्हणूनच ठाऊक. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने या गाड्या तयार होऊ लागल्या. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणाऱ्या या पुरुषाचे आमच्या भागाशीही नाते आहे. मनमाडहून मालेगावमार्गे पुढे गेले की लागणाऱ्या रावळगावची माळरानावरील साखर वसाहत त्यांचीच. मोटारीला ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकात मिळाले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ होता. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखच लिहिले. त्या दिवसांत मला माझ्या गाडीचा हा उन्हाळा पुन्हा आठवला.

पहिला प्रसंग १० एप्रिलचा, रविवारचा. पुतणीच्या लग्नासाठी पैठणी पाहायला आम्ही उभयता येवल्याला गेलो होतो. परतताना अनकाई किल्ल्याच्या पायथ्याशी गाडीने मिसिंग मारायला सुरुवात केली आणि ती थांबली. पाऊण तासाने आपोआप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बँकेत जाण्यापूर्वी मी ती मिस्त्रींकडे नेली. या मिस्त्रींना आम्ही सारे ‘चाचा’ म्हणतो. गाडी घेतल्यापासून तिला त्यांच्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. मी म्हणालो, “चाचा, गाडी बंद पडते.” त्यांनी सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, पेट्रोलच्या टाकीतला गाळ काढला.

दुसरा प्रसंग १७ एप्रिलचा. चांदवडच्या रस्त्यावर, भर दुपारी, तेच दुखणे. जवळच्या ढाब्यावरचे एक गृहस्थ धावत आले. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पेट्रोल पंपाला हात लावला, “तापलाय,” असे म्हणाले आणि ओले फडके त्याच्याभोवती गुंडाळले. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. जमलेल्या चौघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. निदान झाले होते: उन्हामुळे पंपात पेट्रोलची वाफ होते. या निदानाच्या भरवशावर मी चाचांना नवा पंप बसवायला सांगितले. ते म्हणाले, “साहेब, पंप चांगला आहे.” मी ऐकले नाही. पंप बदलला गेला.

तिसरा प्रसंग २२ एप्रिलचा. गुड फ्रायडे असल्याने बँकेला सुटी होती. एक्याऐंशी वर्षांच्या आईला डोळे दाखवण्यासाठी मालेगावला नेले होते. नवा पंप, नवे प्लग, साफ कार्बोरेटर. काळजीचे काही कारण उरले नव्हते. साडेचारला मालेगाव सोडले. आई सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नसे, त्यामुळे सहाच्या आत घरी पोचून तिचे जेवण उरकेल, असा माझा हिशेब होता. चोंढी घाट चढून आलो आणि गाडीने तेच आचके दिले.

त्या अर्ध्या तासाची आठवण आजही सुखाची नाही. रस्त्यावर ट्रकांची रीघ, अंगाला झोंबणारा वारा, सावलीला दूरवर एक कडुनिंब. आईला हाताला धरून त्या झाडाखाली नेऊन बसवले. बाटलीतले पाणी तिने दोन घोट घेतले आणि उरलेले मला दिले. “गाडी जुनी आहे, माणसासारखीच दमते. चिडू नकोस,” ती म्हणाली. मी मात्र चिडलेलाच होतो, आणि राग सगळा चाचांवर होता. तीन वेळा पैसे घेऊन दोष जागच्या जागी. मनात वाक्ये जुळवीत मी पुन्हा पुन्हा सेल्फ मारीत होतो. बॅटरी उतरत चालल्याचे आवाजावरून कळत होते, तरी हात थांबत नव्हता.

तेवढ्यात एक टँकर पुढे जाऊन थांबला. आमच्या मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून नळाने इंधन तिथे येते आणि टँकर ते चहूकडे नेतात. रिकामा टँकर घेऊन तिकडेच निघालेला तो तरुण चालक उतरला, माझ्याजवळ आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला:

“काय झालं साहेब? करंट येईना का पेट्रोल येईना?”

मला उत्तर देता आले नाही. जवळजवळ दोन आठवडे मी या दुखण्याशी झगडत होतो, पैसे ओतत होतो, आणि हा साधा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

त्याने मला सेल्फ मारणे थांबवायला लावले. मग एअर फिल्टरचे झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत त्याने ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली. “पेट्रोल आहे,” तो म्हणाला. झाकण पुन्हा नीट बसवून, सांडलेल्या पेट्रोलचा कुठे वास येत नाही ना, हे त्याने पाहिले. डिकीतला जुना प्लग मागून घेतला, इंजिनाच्या एका प्लगची वायर काढून त्या प्लगला लावली, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवला आणि हात दूर घेऊन मला सेल्फ मारायला सांगितला. प्लगच्या टोकावर निळी, टणत्कार करणारी ठिणगी उडायला हवी होती. काहीच उडाले नाही. “करंट नाही साहेब. पेट्रोलच्या मागे लागू नका.” या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

दोष दूर करणे त्याच्या हातात नव्हते. पण मनमाडकडे जाणारी एसटी दिसताच रस्त्यावर उभे राहून त्याने ती थांबवली. वाहकाने पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवून आईला जागा दिली. आई साडेसहाच्या आत घरी पोचली आणि तिचे जेवण वेळेत झाले. मी गाडीपाशी थांबलो. सव्वासहाला ती नेहमीप्रमाणे मुकाट्याने सुरू झाली.

आता यातले शास्त्र थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यासाठी हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल लागते, ते मिश्रण दाबले जावे लागते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. चालती गाडी एकाएकी थांबते आणि अर्ध्या तासाने पुन्हा नीट चालते, तेव्हा दाब बहुधा शाबूत असतो. म्हणजे प्रश्न दोनच उरतात, आणि ते त्या टँकरचालकाने एका वाक्यात विचारले होते.

अडचण अशी की, उन्हाळ्यात हे दोन्ही दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात. पेट्रोलमधले हलके घटक कमी उष्णतेतही वायुरूप होऊ लागतात. तापलेल्या इंजिनाजवळच्या पंपात किंवा नळीत त्याची वाफ धरली की पंप नुसती वाफ दाबत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. इंजिन निवले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. ओल्या फडक्याचा उपाय यासाठीच आहे आणि त्या दोषावर तो खराही आहे.

दुसरीकडे ठिणगीची व्यवस्था पाहा. बॅटरी देते बारा व्होल्ट; प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. तिच्यात जाड तारेचे काही शे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे आमच्या मिस्त्रींच्या भाषेतल्या ‘डेल्को’तले, पॉइंट मिटले की जाड तारेतून प्रवाह वाहतो, ते उघडले की प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी बारीक तारेत उच्च दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. पॉइंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी छोटा कंडेन्सर असतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला सहा हजार ठिणग्या पडतात. म्हणजे सेकंदाला शंभर. कॉइलमधले आवरण कमकुवत झाले असेल किंवा बारीक तारेला सूक्ष्म तडा गेला असेल, तर थंड असताना ती बिनबोभाट काम करते. तापली की तार प्रसरण पावते, तडा रुंदावतो किंवा आवरणातून प्रवाह निसटतो आणि ठिणगी बंद होते. निवली की पुन्हा सुरळीत. कंडेन्सरही असाच दगा देतो.

आता चांदवडच्या रस्त्यावरचे ओले फडके आठवा. गाडी सुरू झाली ती फडक्यामुळे नव्हे, वीस-पंचवीस मिनिटे गेल्यामुळे. फडके पंपाऐवजी मागच्या चाकावर टाकले असते तरी ती सुरू झालीच असती. उपाय केला आणि त्यानंतर गुण आला, एवढ्यावरून त्या उपायानेच गुण आला असे मानण्याची चूक आपण सारेच करतो. मी ती केली आणि नव्या पंपाच्या किमतीत तिचा दंड भरला.

याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशी उघड झाली. शनिवारी बँक अर्धा दिवस असे. सुटल्यावर मी चाचांकडे गेलो. रस्त्यात जुळवलेली सगळी वाक्ये अजून मनात होती आणि त्यातली दोन बोलूनही गेलो. काम न करता पैसे घेतल्याचा स्पष्ट आरोप होता तो. गॅरेजमधली पोरे हातातले पाने घेऊन तशीच उभी राहिली. चाचांनी हात पुसले. ते एवढेच म्हणाले, “साहेब, गाडी माझ्याकडे येते तेव्हा ती बरी असते. बंद पडलेली गाडी तुम्ही तीन वेळा पाहिली. मी एकदाही नाही. तुम्ही मला काय सांगितलंत?”

मी सांगितले होते, ‘गाडी बंद पडते’.

मला एकदम माझीच खुर्ची आठवली. खात्यातले पैसे कमी झाले अशी तक्रार घेऊन कोणी आले की आम्ही विचारीत असू: कोणत्या तारखेपासून? रक्कम किती? पासबुक आणले का? नुसते ‘पैसे कमी झाले’ म्हणणाऱ्याला आम्ही माघारी पाठवीत असू. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेतले ताळेबंद हाताने जुळवावे लागत. ताळा चुकला की नवखा कारकून पहिल्या पानापासून सगळ्या बेरजा पुन्हा मारायला बसे. जुने हेडकॅशियर त्याला थांबवीत आणि म्हणत, आधी फरकाकडे बघ. फरकाला नवाने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोध. ४५० च्या जागी ५४० लिहिले की फरक नव्वद येतो. तसे नसेल तर फरक निम्मा कर आणि तेवढी रक्कम कोणी जमेऐवजी नावे टाकली आहे का ते पाहा. चूक कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवले की निम्म्या खतावण्या उघडाव्याच लागत नाहीत. ही विद्या मी तीस वर्षे वापरली आणि इतरांना शिकवली. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र फरक न पाहताच एकामागून एक खतावणी उघडत बसलो. कार्बोरेटर, टाकी, प्लग, पंप.

मी चाचांना टँकरचालकाने काय पाहिले ते सांगितले: बंद पडल्या पडल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल होते, प्लगवर ठिणगी नव्हती. ऐकताच ते उठले. “हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर!” डेल्कोचे झाकण उघडून त्यांनी पॉइंट पाहिले, ते जळालेले नव्हते, म्हणून कंडेन्सरवरचा त्यांचा संशय कमी झाला. मग त्यांनी शेल्फवरून दुसऱ्या एका फियाटची चांगली कॉइल काढून माझ्या गाडीला तात्पुरती बसवली आणि बाकी काहीही बदलायला नकार दिला. “एका वेळी एकच गोष्ट, साहेब. दोन बदलल्या तर कुठली खोटी होती, ते कसं कळणार?” दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघे त्याच वेळेला, त्याच रस्त्याने मालेगावला जाऊन आलो. गाडी थांबली नाही.

मला तेवढे पुरेसे होते. चाचांना नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी माझी जुनी कॉइल पुन्हा बसवली आणि आम्ही पुन्हा निघालो. घाट चढून आल्यावर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. बंद पडलेल्या गाडीकडे पाहून मला त्या दिवशी प्रथमच आनंद झाला. चाचांनी ठिणगी पाहिली, नव्हती. कॉइलला बोट लावले, ठेववत नव्हते. किल्ली बंद करून त्यांनी ओले फडके या वेळी कॉइलवर ठेवले, पंपाला हातही लावला नाही. सात-आठ मिनिटांनी ठिणगी परत आली. आता शंकेला जागा नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, “हे सुरू झालं त्याआधी गाडीत काही वेगळं घडलं होतं का?” मी नाही म्हणालो. घरी येऊन गाडीच्या खर्चाची वही उघडली. त्यात पेट्रोल, पंक्चर, ग्रीस यांच्या नोंदी होत्या. २ एप्रिलच्या तारखेपुढे फक्त लिहिले होते, ‘स्टेशन’. आणि मग आठवले.

त्या रात्री वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. मुलगा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईहून येणार होता. नऊच्या सुमारास घरची वीज गेली, टीव्ही बंद पडला, म्हणून मी लवकरच स्टेशनावर जाऊन गाडीतल्या रेडिओवर समालोचन ऐकत बसलो. हळूहळू रिक्षावाले, हमाल, कोणाकोणाला न्यायला आलेली मंडळी अशी वीस-पंचवीस माणसे गाडीभोवती जमली. मी काचा खाली करून आवाज वाढवला. धोनीचा शेवटचा षटकार गेला तेव्हा कोणीतरी आनंदाने टपावर थापा मारल्या. त्याचा एक पोचा अजून आहे. या सगळ्या दीड-पावणेदोन तासांत इंजिन बंद होते आणि किल्ली चालू होती, कारण आमच्या गाडीत रेडिओची तार किल्लीच्या त्याच टप्प्याला जोडलेली होती.

चाचांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना डेल्कोतले पॉइंट मिटलेल्या स्थितीत राहिले असतील, तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहत राहतो. एरवी तो सेकंदाला कित्येकदा तुटतो, म्हणून कॉइल सांभाळून घेते. सलग दीड तास वाहिला की ती आतून भाजून निघते. “त्या रात्रीच गेली असं छातीठोक सांगता येत नाही साहेब, गाडी तेवीस वर्षांची आहे. पण कारण तेच दिसतं.” म्हणजे ज्या दोषासाठी मी त्यांना चारचौघांत बोललो, तो बहुधा माझ्याच हातून, मोठ्या आनंदाच्या भरात घडला होता. त्यांच्या त्याच पोरांसमोर मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी नव्या कॉइलचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. रेडिओची तार मात्र स्वतःहून किल्लीपासून वेगळी करून दिली.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, आता कॉइल-पॉइंटच्या गाड्या राहिल्याच किती? खरे आहे. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि सगळा कारभार संगणक पाहतो. पण त्यांचीही पंधरा वर्षांनी जुनी गाडी होते. इंजिनाचे फिरणे मोजणारा सेन्सर तापल्यावर मुका होतो आणि गाडी थांबते. निवल्यावर सुरू होते. टाकीतला पंप थकला तरी काहीसे असेच घडते. लक्षण तेच आणि प्रश्नही तेच दोन. मिस्त्रींच्या यंत्रावर दोषाचा क्रमांक दिसला तर उत्तमच, पण तो नेहमी नोंदला जातोच असे नाही. जुन्या घडणीच्या गाड्यांना आता आणखी एक पथ्य जडले आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुन्या जातीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा लवकर खराब होऊ शकतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

तेव्हा गाडी वाटेत थांबली तर आधी ती रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी आणि बरोबरच्या वृद्धांना, मुलांना सावलीत, वाहतुकीपासून दूर बसवावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये विसावा द्यावा. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाहण्याच्या फंदात मुळीच पडू नये. ठिणगी पाहताना प्लगला किंवा वायरला उघडा हात लावू नये. ज्याला सवय नाही त्याने जाणत्याकडूनच हे करून घ्यावे, आणि नव्या गाडीत तर स्वतः वायर काढूच नये. इंजिनाचे झाकण आणि नळ्या तापलेल्या असतात, हेही विसरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे पाहायचे ते गाडी बंद आहे तोवरच पाहावे. अर्ध्या तासाने ती सुरू झाली की आनंद होतो, पण पुरावा गेलेला असतो.

माझ्या गाडीच्या कप्प्यात तेव्हापासून एक छोटी वही आहे. किती वेळ चालल्यावर थांबली, ऊन कसे होते, चढ होता का, सेल्फ फिरत होता का, पेट्रोल होते का, ठिणगी होती का, किती वेळाने सुरू झाली, आणि त्याआधीच्या आठवड्यात आपण स्वतः काय केले होते, एवढेच तिच्यात लिहायचे. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जड जातो.

आई त्यानंतर सहा वर्षे होती. दर वर्षी डोळे दाखवायला आम्ही त्याच गाडीने मालेगावला जात असू. घाट चढून आल्यावर त्या कडुनिंबाजवळ ती मला गाडी थांबवायला लावी आणि खाली उतरून दोन मिनिटे सावलीत उभी राही. गाडी पुन्हा सुरू करताना माझे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असे. तिचे माझ्या चेहऱ्याकडे.